चढावर मोटार जळाली आणि खेचरं आली: फ्रँक स्प्रेगची गोष्ट

भिवंडीत सायकलला मोटारीचं किट बसवून घेणाऱ्यांची तक्रार मला आता पाठ झाली आहे. सपाट रस्त्यावर गाडी मस्त पळते, पण राजनोलीचा उड्डाणपूल आला की धापा टाकायला लागते. आधी मोटारीचा आवाज बदलतो, मग वेग पडतो, मग कंट्रोलर कट मारतो. खाली उतरून चाकाच्या हबला हात लावला तर चटका बसतो. पुढचा प्रश्नही ठरलेला: दादा, मोठी बॅटरी टाकू का?

यावर मी आधी एका माणसाची गोष्ट सांगतो. फ्रँक स्प्रेग. आपली मुंबई लोकल ज्या पद्धतीने धावते त्यामागे याचं डोकं आहे. आणि त्याची अख्खी कंपनी एका चढावर पणाला लागली होती.

स्प्रेगचा जन्म १८५७ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात. आई लहानपणीच गेली, आत्याने-मावशीने वाढवावं तसा नातेवाइकांकडे वाढला. शिक्षण नौदलाच्या अकादमीत, १८७८ मध्ये तिथून बाहेर पडला. १८८२ मध्ये लंडनला विजेच्या यंत्रांच्या प्रदर्शनासाठी गेला. तिथली भुयारी रेल्वे तेव्हा वाफेच्या इंजिनावर चालायची. बोगद्यात कोंडलेला तो धूर खाऊन याच्या डोक्यात विजेच्या गाडीने घर केलं. पुढच्या वर्षी नौदल सोडून तो एडिसनकडे लागला. पण एडिसनचं सगळं लक्ष दिव्यांवर, याचं मोटारीवर. वर्षभरात तिथूनही बाहेर, आणि १८८४ मध्ये स्वतःची कंपनी.

त्याची पहिली नावाजलेली मोटार भार बदलला तरी वेग जवळपास तोच ठेवायची. कारखान्यांना हेच हवं होतं. आपल्या भिवंडीच्या यंत्रमागाचं बघा ना, मागाच्या मोटारीला आयुष्यभर साधारण एकसारखंच ओझं. तिला ना पूल चढायचा असतो, ना सिग्नलला थांबून पुन्हा निघायचं असतं. गाडीची मोटार हे वेगळंच प्रकरण आहे, आणि ते स्प्रेगला रिचमंड शहरात कळलं.

१८८७ मध्ये त्याने रिचमंडच्या ट्रामचं कंत्राट घेतलं. १२ मैल रूळ, ४० गाड्या, प्रत्येक गाडीला २ म्हणजे ८० मोटारी, वीजघर, वरच्या तारा, सगळं ९० दिवसांत. मोबदला १,१०,००० डॉलर, तोही काम पसंत पडलं तरच. एवढी मोठी विजेची ट्राम तोवर कोणीच नीट चालवून दाखवली नव्हती. मला विचाराल तर असल्या कागदावर सही करायला धाडस लागतं, किंवा थोडा वेडेपणा. सही झाली आणि स्प्रेगला टायफॉइड झाला. तो अंथरुणावर, काम सहकाऱ्यांवर.

बरा होऊन रिचमंडला पोचल्यावर त्याने चढ पाहिले. काही ठिकाणी चढ १० टक्के, म्हणजे १० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तुलना करायची तर आपला कसारा घाट घ्या. तिथे रेल्वेचा चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि तेवढ्यासाठीही गाडीला जादा इंजिनं लावतात. रिचमंडचा चढ त्याच्या जवळजवळ चौपट.

गाडी चढेल का हे पाहायला एका रात्री त्याने स्वतः चाचणी घेतली. गाडी चढली! वळणं घेत, थांबत, तापत, पण टेकडीवर पोचली. वर गर्दी जमली, टाळ्या पडल्या. आणि तिथेच मोटारीने दगा दिला. तापलेल्या गुंडाळीत शॉर्ट झाला होता. स्प्रेगने सहकाऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की सर्किटमध्ये किरकोळ बिघाड आहे, जाऊन उपकरणं घेऊन या. मग दिवे मालवले आणि लोक पांगेपर्यंत बाकावर आडवा झाला. बऱ्याच वेळाने उपकरणं आली. चार धट्टीकट्टी खेचरं! त्यांनी अंधारात गाडी ओढून परत नेली.

आता मोटार का जळाली ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या हबमध्ये हेच होतं. मोटार फिरते तेव्हा ती स्वतःही थोडी वीज तयार करते आणि बॅटरीच्या दाबाला उलटा दाब देते. वेगात फिरत असेल तर हा उलटा दाब जास्त, म्हणून करंट कमी. चढावर वेग पडला की उलटा दाब घटतो आणि करंट उसळतो. जोर करंटच्या प्रमाणात वाढतो, पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट.

हिशोब करून बघा. तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो. १० टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जायला चाकावर सुमारे २७० वॅट लागतात, तेही हवा आणि टायरचं घर्षण सोडून. तुमची मोटार २५० वॅटची, ताशी २५ च्या वेगाला बेतलेली. ताशी १० ला ती बॅटरीतून ओढलेल्या विजेतला मोठा हिस्सा नुसती गरम होण्यात घालवते.

स्प्रेगने मोटार मोठी केली नाही. त्याने मोटार आणि चाकाच्या आसामध्ये दातेरी चाकांचा आणखी एक टप्पा घातला. आता चाक हळू फिरलं तरी मोटार तिच्या सोयीच्या वेगात फिरत राहिली. मुदत उलटून गेली, खर्च कंत्राटाच्या वर गेला, पण २ फेब्रुवारी १८८८ ला रिचमंडची ट्राम लोकांसाठी सुरू झाली.

म्हणून माझं उत्तर: आधी बॅटरी नको, गिअर बघा. हबच्या आत गिअर नसलेली मोटार चढाला सगळ्यात आधी हरते. आत गिअर असलेली हब मोटार बरी. रोजचा रस्ताच चढाचा असेल तर पेडलपाशी बसणारी मोटार घ्या, ती साखळीचे गिअर वापरते, फक्त चढ लागायच्या आधी गिअर उतरवायला विसरू नका. हातातलं किट बदलायचं नसेल तर चढाच्या आधी वेग घ्या आणि पेडल मारा. थांबलेल्या चाकावर थ्रॉटल पिळून उभं राहू नका. ब्रेक घासत नाही ना, टायरमध्ये हवा आहे ना, हे तर फुकटात बघता येतं.

बॅटरीचा दोषही असू शकतो, आणि तो ओळखायची युक्ती स्प्रेगच्याच गोष्टीत आहे. बोस्टनच्या ट्राम कंपनीचे लोक पाहायला आले. एकाच जागी खूप गाड्या अडकल्या तर पुन्हा निघतील का, ही त्यांची शंका. स्प्रेगने रात्री २२ गाड्या एका टोकाला उभ्या केल्या आणि एकामागून एक सोडल्या. व्होल्टेज कोसळलं, दिवे अगदी मंद झाले, पण सगळ्या गाड्या निघाल्या. तुमच्या डिस्प्लेवर हेच बघा. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्जला ४२ च्या आसपास असते. चढावर आकडा झपकन ३१ च्या जवळ आला आणि कट झाला, तर बॅटरी थकली आहे किंवा वायर-कनेक्टर कमी जाडीचे आहेत. कनेक्टर हाताला गरम लागतोच. आकडा टिकून आहे, तरी गाडी थांबते? मग दुखणं कंट्रोलरच्या करंट मर्यादेत किंवा गिअरमध्ये.

बोस्टनचं काम मिळालं आणि पुढे गावोगावच्या ट्रामचे घोडे सुटले. १८९० मध्ये एडिसनच्या कंपनीने स्प्रेगची कंपनी गिळली आणि यंत्रांवरून त्याचं नावही हळूहळू पुसलं. हे त्याला फार लागलं. मग तो विजेच्या लिफ्टकडे वळला, आणि लिफ्टमधूनच त्याला पुढची कल्पना सुचली: पुढे एकच ताकदवान इंजिन लावण्यापेक्षा अनेक डब्यांखाली मोटारी बसवायच्या आणि सगळ्या एकाच हँडलने चालवायच्या. १८९७ च्या चाचणीत हँडलवर त्याचा दहा वर्षांचा मुलगा होता.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, ती याच पद्धतीवर. तेव्हा स्प्रेग हयात होता. १९३४ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला.

आणि हो, चढावर जाण्याआधी हबच्या आसाला टॉर्क आर्म घट्ट आहे ना तेही बघून घ्या. तो सैल असेल तर जोर लागताच आस फिरतो आणि वायर पिळून तुटते.