धाकटा प्लिनी आणि बिथिनियातील ख्रिस्ती

धाकट्या प्लिनीचा जन्म इ. स. ६१ च्या सुमारास उत्तर इटलीतील कोमुम येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपल्यावर मामाने, म्हणजे निसर्गेतिहासकार थोरल्या प्लिनीने, त्याला आपल्या छायेत घेतले. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात हा मामा मृत्यू पावला आणि मृत्युपत्राने दत्तक ठरलेला प्लिनी त्याचा वारस झाला. क्विंटिल्यनपाशी वक्तृत्वशास्त्राचे अध्ययन करून त्याने वकिलीत नाव मिळवले आणि इ. स. १०० मध्ये तो कॉन्सल झाला.

प्लिनीची खरी कीर्ती त्याच्या पत्रांवर उभी आहे. त्यांतून दिसणारा गृहस्थ सुसंस्कृत व कोमल मनाचा आहे. जन्मगावी त्याने ग्रंथालय उभारले, शाळेसाठी धन दिले. घरचे दास आजारी पडले की तो व्याकुळ होई. त्यांना मुक्त करी, मृत्युपत्र करण्याची मुभा देई.

इ. स. ११० च्या सुमारास सम्राट ट्रेजनने त्याला बिथिनिया-पाँटस प्रांताचा कारभार सोपवला. तेथे त्याच्यापुढे ख्रिस्ती आरोपी आणले गेले. अशा खटल्यांचा अनुभव त्याला नव्हता. तो आरोपींना तीनदा प्रश्न विचारी. तरीही जे ठाम राहत त्यांना देहदंड देई आणि रोमन नागरिक असलेल्यांना रोमला धाडी. देवांचे आवाहन, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व मद्य आणि ख्रिस्ताची निंदा एवढे ज्याने केले, तो सुटे. सत्य काढण्यासाठी प्लिनीने धर्मसेविका म्हणवणाऱ्या दोन दासींचा छळ करविला. हाती लागले ते एवढेच : पहाटेपूर्वीचे एकत्र जमणे, ख्रिस्ताला देव मानून गायिलेले स्तोत्र, चोरी व व्यभिचार न करण्याची शपथ आणि साधे सहभोजन. गुन्हा सापडला नाही; पण हा हट्टच प्लिनीला दंडनीय वाटला. टॅसिटस व स्वेटोनिअस या त्याच्या मित्रांप्रमाणेच त्यानेही या पंथाला अंधश्रद्धा ठरवले. देवळे ओस पडत असल्याची आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक नसल्याची चिंता त्याला अधिक होती.

त्याने सम्राटाचा सल्ला मागितला. ख्रिस्ती लोकांना शोधत फिरू नये, सिद्ध झाल्यास शिक्षा करावी, नाकारल्यास क्षमा करावी आणि निनावी तक्रारी मानू नयेत, असे ट्रेजनने कळवले. शोधायचे नाही, पण सापडल्यास शिक्षा द्यायची, या विसंगतीवर पुढे टर्टुलिअनने कठोर टीका केली.

इ. स. ११३ च्या सुमारास प्लिनी निवर्तला. रोमन समाजाची ख्रिस्तविषयक दृष्टी त्याच्या पत्रात स्पष्ट दिसते आणि तिची मर्यादाही. ही दृष्टी कोण्या क्रूर माणसाची नव्हती. दासांच्या मृत्यूने हळहळणाऱ्या सज्जनाची होती. शेकडो पत्रांत स्नेह्यांची नावे त्याने जपून ठेवली. त्या दोन दासींची नावे मात्र त्याने लिहिली नाहीत.