जवळचा एक प्लग

घनसावंगीच्या शाखेत असताना कर्जवसुलीसाठी मला मोटारसायकलवरून खेडोपाडी हिंडावे लागे. मध्येच गाडी फुरफुर करून बंद पडे. मग बाभळीखाली बसून प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा. तेवढ्याने भागले नाही तर पिशवीतला नवा बसवायचा. तास-अर्धा तास जाई, एवढेच नुकसान. पण जमीन सोडून नुकत्याच वर उठलेल्या विमानाचा प्लग असा रुसला तर? हा विचार आला की मला हटकून जे. आर. डी. टाटा आठवतात.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींचे बालपण बरेचसे फ्रान्समध्ये गेले. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा लुई ब्लेरिओ तिथे त्यांचा शेजारी होता. विमानाचे वेड लागले ते तिथेच. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना.

त्या काळच्या छोट्या विमानांना एकच इंजिन असे. उड्डाणानंतर लगेच ते बिघडले तर हाताशी उंचीही नसते आणि वेगही नसतो. मन म्हणते, मागे वळ, विमानतळ जवळच आहे. पण वळताना विमान तिरपे होते, वेग घटतो आणि पंखांचा आधार सुटतो. म्हणून नाक खाली करून वेग राखायचा आणि समोर जे शेत-माळ दिसेल तिथेच उतरायचे. मोह आवरायला काही क्षणच मिळतात. म्हणून हा निर्णय जमिनीवर असतानाच घेऊन ठेवावा लागतो.

तयारीही जमिनीवरचीच. जिप्सी मॉथच्या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग. ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. उडण्यापूर्वी एकेक बंद करून इंजिनाचा आवाज पारखायचा. तो फार उतरला तर उडायचे नाही.

१९३० साली भारत-इंग्लंड हे अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जेआरडी कराचीहून निघाले. इजिप्तमधल्या अबुकीर येथे त्यांना समोरून येणारा स्पर्धक भेटला, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीअर. प्लगवाचून तो अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. पुढे वाळवंट होते, समुद्र होता; आपल्यालाही तो लागला असता. अस्पी उडाला आणि थोडक्या फरकाने बक्षीस जिंकला. १९६० मध्ये तोच भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

हरलेले जेआरडी मात्र थांबले नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन ते एक इंजिनाच्या पुस मॉथमधून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

आपल्यापुरता जादा प्लग मीही पिशवीत बाळगत असे. तो शहाणपणा कुणालाही जमतो. शर्यत ऐन रंगात असताना तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती ठेवायला मात्र जेआरडीच लागतात.