रुपयातला एक पैसा बाजूला काढणाऱ्या कर्वेंनी हिंगण्याच्या झोपडीपासून महिला विद्यापीठापर्यंत मजल मारली

मुंबईत किंवा पुण्यात एसएनडीटी कॉलेज कुठंय असं विचारलं तर कोणीही हात करून दाखवेल. पण एसएनडीटी म्हणजे काय? श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आता या नाथीबाईंनी विद्यापीठ काढलं का? तर नाही. विद्यापीठ काढलं धोंडो केशव कर्वेंनी, ज्यांना महाराष्ट्र महर्षी कर्वे म्हणतो. त्यांचं नाव मात्र या चार अक्षरांत कुठंच नाही.

असं का, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. थेट कोकणात.

कर्वेंचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीत. घर दापोली तालुक्यातल्या मुरूडला. घरची परिस्थिती बेताचीच. गावच्या शाळेत सोमण गुरुजी होते. पुस्तकापलीकडे गावासाठी काहीतरी करायचं असतं, ही गोष्ट या गुरुजींनी पोराच्या डोक्यात घातली.

पुढं कर्वे शिकायला मुंबईत आले. मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन १८८४ मध्ये बीए झाले. शिकवण्या करून चार पैसे मिळायला लागले तेव्हा त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. मिळकतीच्या प्रत्येक रुपयामागे एक पैसा लोकांच्या कामासाठी बाजूला काढायचा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे व्हायचे, म्हणजे मिळकतीचा चौसष्टावा हिस्सा. रक्कम किरकोळ होती, पण नियम पक्का होता.

याच विचारातून मुरूड फंड निघाला. गावातून बाहेर पडून कमावते झालेल्या लोकांनी थोडं थोडं जमवायचं आणि ते गावाच्या कामी लावायचं. गावानं घडवलं, तर गावाला परत द्यायचं, इतका साधा हिशोब.

पण या गावानं त्यांना काय दिलं?

झालं असं की १८९१ मध्ये कर्वेंच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, लोक त्यांना बाया कर्वे म्हणायचे.

बातमी मुरूडला पोचली आणि गाव खवळलं. कर्वेंवर बहिष्कार पडला. घरच्यांनी त्यांच्याशी संबंध ठेवला तर त्यांनाही वाळीत टाकू, अशी धमकी आली. ज्या गावासाठी फंड काढला, त्याच गावात आईवडिलांच्या घरी राहायची सोय उरली नाही.

दुसरा कोणी असता तर त्यानं गावाचं नाव टाकलं असतं. कर्वेंनी ना गावाशी भांडण उकरून काढलं, ना आपला मार्ग सोडला.

१८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग आला तेव्हा आश्रम गावाबाहेर हलवावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले. त्या माळावर १९०० मध्ये एक झोपडी उभी राहिली. कॉलेज सुटलं की कर्वे चालत हिंगण्याला जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरायचे. कोणी शंभर रुपये दिले काय नि कोणी चार आणे दिले काय, दोन्ही सारख्याच आदरानं घ्यायचे.

आता या गोष्टीची दुसरी बाजू.

लोकांनी विश्वासानं पैसा दिला, तर आपलंही सगळं संस्थेचं, असं कर्वेंना वाटायचं. स्वतःजवळची शिल्लक तर त्यांनी दिलीच, पण आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावावर केली. आनंदीबाईंना हे फार लागलं. उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर पोरांनी काय खायचं? प्रश्न बरोबरच होता. समाजाचं ऋण फेडताना घरच्या माणसांचं ऋण वाढत होतं. तरी याच बाईंनी पुढं आश्रमासाठी स्वतः वर्गणी गोळा केली. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले तर निधीसाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. महर्षींच्या कामाचा हिशोब या दोघींना धरल्याशिवाय पुरा होत नाही.

जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती कर्वेंच्या हाती पडली आणि तसं आपल्याकडं का नको, असं त्यांच्या मनानं घेतलं. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं. कॉलेजात पहिल्या वर्षी मुली किती? फक्त पाच.

मग १९२० साल उजाडलं. मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले. अट होती, विद्यापीठाला आपल्या आईचं नाव द्यायचं. कर्वेंनी ते मान्य केलं आणि विद्यापीठाच्या पाटीवर नाथीबाईंचं नाव लागलं. मुली शिकणार होत्या, मग पाटीवर नाव कोणाचं याला कर्वेंच्या लेखी महत्त्व नव्हतं.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळा नाही तिथं शाळा काढायची. त्यासाठी हा म्हातारा माणूस पुण्यात पुन्हा दारोदार वर्गणी मागत फिरला. मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजींनी एका पोराला जे दिलं, ते आता दुसऱ्या खेड्यांतल्या पोरांना मिळायला लागलं.

१९५० मध्ये आनंदीबाई गेल्या. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्वेंना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले.

आज संस्था चालवणारे लोक देणगीदारांचे आभार मानायला कार्यक्रम घेतात, शाल-श्रीफळ देतात. त्यात वाईट काही नाही. कर्वेंनी मात्र घेतलेल्या पै-पैचं काम करून दाखवलं आणि परतफेड पुढच्या माणसाला केली. हिंगण्याच्या त्या माळाला आज लोक कर्वेनगर म्हणतात.