कृष्णाकाठचा हिमालययात्री

पाठीवर पिशवी टाकून दूरच्या अरण्यांत, डोंगरदऱ्यांत निघून जाण्याची ओढ ही आजच्या पिढीची खासियत मानली जाते. ॲमेझॉनच्या वर्षावनात पायी हिंडून आलेले, हिमालयातील खिंडी ओलांडून आलेले तरुण आता पुण्या-मुंबईत सहज भेटतात. त्यांच्याजवळ नकाशे असतात, विमा असतो आणि परतीचे तिकीटही असते. यातले काहीही जवळ नसताना साताऱ्यात जन्मलेला एक पदवीधर तरुण १९१२ साली हिमालयाकडे निघाला. आपण परत येणार की नाही, हेदेखील त्याने ठरवले नव्हते. हा तरुण म्हणजे दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. पुढे सारा देश त्यांना काकासाहेब कालेलकर या नावाने ओळखू लागला.

गांधीजींचे सहकारी, शिक्षणतज्ज्ञ आणि गुजराती गद्याचे एक शिल्पकार म्हणून काकासाहेबांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. पण या साऱ्या ओळखींच्या मुळाशी एक अस्सल भटक्या होता, आणि त्याची पहिली पावले कृष्णेच्या काठावर पडली होती.

सातारा ते सांगली

काकासाहेबांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. कालेलकर घराणे मूळचे सावंतवाडीजवळच्या कालेली गावचे. आडनावही त्या गावावरूनच आले. वडील बाळकृष्णपंत सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते. शिस्तीचे आणि कमालीचे प्रामाणिक गृहस्थ, असा त्यांचा लौकिक. घरात दत्तू या नावाने हाक मारला जाणारा हा मुलगा सर्व भावंडांत धाकटा होता.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले सातारा, यवतेश्वराचा डोंगर आणि संगम माहुली येथील कृष्णा-वेण्णेचा संगम हे त्याचे पहिले जग. पुढे वडिलांच्या बदल्यांबरोबर हे जग विस्तारत गेले. कारवारला समुद्र भेटला, बेळगाव-धारवाडकडे कानडी कानांवर पडू लागली. एका गावी रुजण्याआधीच दुसऱ्या गावी जायचे, हा क्रम लहानपणीच अंगवळणी पडला. मुलाला शाळेची नियमितता त्यामुळे लाभली नाही. नवी माणसे, नवी झाडे आणि नव्या नद्या यांची शाळा मात्र भरपूर लाभली.

बाळकृष्णपंत पुढे सांगली संस्थानात खजिन्याचे अधिकारी झाले. सांगलीशी निगडित एक प्रसंग काकासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवला आहे. संस्थानचा पैसा सरकारी कर्जरोख्यांत गुंतवण्यासाठी वडील पुण्याला निघाले होते. मुलगा तेव्हा महाविद्यालयात शिकत होता. रोख्यांचे भाव दररोज वरखाली होतात. मधल्या फरकाचा लाभ आपल्याला घेता येईल, आणि संस्थानचेही त्यात काही नुकसान होणार नाही, असे त्याने वडिलांना सुचवले. वडिलांना त्याचे अतिशय दुःख झाले. इतके शिकून मुलाने हेच शिकावे, याची त्यांना लाज वाटली. त्या शब्दांनी तरुण दत्तात्रेयाच्या मनात जी खूण उमटली ती कायमची. कष्टाविना आलेला पैसा घ्यायचा नाही, असे त्याने तेव्हाच ठरवले. पुढच्या आयुष्यात संपत्तीचे ओझे त्याने कधी वाहिले नाही. भटक्याला लागणारे हलके ओझे त्याला अशा रीतीने सांगलीच्या खजिनदाराकडून मिळाले, असे म्हणता येईल.

बंद पडलेली शाळा

१९०७ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते बी. ए. झाले. तो काळ वंगभंगाच्या चळवळीचा आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा होता. कायद्याचा अभ्यास अर्ध्यावर टाकून कालेलकरांनी बेळगावच्या गणेश विद्यालयात शिकवण्यास सुरुवात केली. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातही त्यांनी काही काळ काम केले. १९१० साली ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात दाखल झाले.

केशवराव देशपांडे यांनी चालवलेल्या या राष्ट्रीय शाळेत शिक्षक आणि विद्यार्थी एका कुटुंबाप्रमाणे राहत. शिक्षकांना नात्याची नावे दिलेली होती. फडके ‘मामा’ झाले, हरिहर शर्मा ‘अण्णा’ झाले आणि कालेलकर ‘काका’ झाले. ऐन पंचविशीत मिळालेले हे काकापण त्यांना जन्मभर पुरले.

राष्ट्रीय वृत्तीच्या अशा शाळेवर सरकारची नजर असणे स्वाभाविक होते. सरकारी दडपणाखाली १९१२ च्या सुमारास विद्यालय बंद पडले. ज्या कामासाठी नोकरी, वकिली आणि घरचे स्वास्थ्य बाजूला सारले होते, तेच काम हातातून गेले. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. क्रांतिकारकांच्या गुप्त मार्गाने काही साध्य होईल, ही आशाही मावळत चालली होती. अशा वेळी देश स्वतंत्र करण्याआधी स्वतःचीच सुटका शोधावी, या विचाराने तरुण कालेलकरांच्या मनाची पकड घेतली. मोक्षाच्या शोधात त्यांनी हिमालयाची वाट धरली.

घरी पत्नी लक्ष्मीबाई होत्या आणि मुले अगदी लहान होती. या भटकंतीची किंमत घरी राहिलेल्यांनीही मोजली, याची नोंद करणे भाग आहे. त्या काळी वैराग्य घेऊन निघालेल्या पुरुषाला समाज नमस्कार करी. मागे राहिलेल्या स्त्रीला मात्र कोणी काही विचारत नसे.

चट्टीवरून चट्टीकडे

प्रवासात दोन सोबती होते. एक अनंतबुवा मर्ढेकर आणि दुसरे स्वामी आनंद. स्वामी आनंद मूळचे सौराष्ट्रातले. परंतु मुंबईत वाढल्यामुळे मराठी त्यांना उत्तम येत असे. पुढे गांधीजींच्या ‘नवजीवन’चा कारभार त्यांनीच सांभाळला आणि आत्मकथा लिहिण्याचा आग्रहही गांधीजींना त्यांनीच केला.

ऋषिकेशच्या पुढे मोटारीचा रस्ता त्या काळी नव्हता. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि बदरीनाथ ही चार धामे करायची तर पायांवरच भिस्त ठेवावी लागे. दहा हजार फुटांच्या आसपास किंवा त्याहून उंचीवर असलेली ही ठिकाणे, मधे खोल दऱ्या आणि प्रत्येक दरीच्या तळाशी गर्जत जाणारी नदी. वाटेवर काही मैलांच्या अंतराने चट्ट्या लागत. चट्टी म्हणजे दुकान आणि धर्मशाळा यांचा संगम. दुकानदाराकडून पीठ-डाळ विकत घ्यायची, की रात्रीचा निवारा आणि स्वयंपाकाची भांडी तो मोफत देई. साधू आणि निर्धन यात्रेकरूंसाठी काली कमलीवाले बाबांच्या संस्थेची सदावर्ते होती. पाऊस, थंडी आणि आजार या तिन्हींची भीती सदैव असे. घरून निघताना अनेक यात्रेकरू आप्तांचा कायमचा निरोप घेऊनच निघत.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला अरण्यप्रवासाची एक निराळी कथा घडत होती. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३ च्या डिसेंबरात ब्राझीलचे अधिकारी कान्दिदो रोन्दोन यांच्यासह ॲमेझॉनच्या वर्षावनातील एका अज्ञात नदीचा मार्ग शोधण्यास निघाले. मजुरांचा ताफा, होड्या, बंदुका आणि एका मोठ्या वस्तुसंग्रहालयाचे पाठबळ असा त्यांचा सरंजाम होता. तरीही तापाने आणि पायाच्या जखमेने रूझवेल्ट मरणाच्या दारातून परत आले. त्या नदीला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. कालेलकरांच्या वाटा मात्र हजारो वर्षांच्या पायांनी मळलेल्या होत्या. तिथे शोधण्यासारखे, नाव देण्यासारखे काहीच उरलेले नव्हते. जे शोधायचे होते ते प्रवाशाच्या आत होते.

मोक्ष मिळाला का, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून काढावे लागते. हिमालयाने त्यांना संन्यासी केले नाही. चट्टीवर भेटणारा बंगाली, मारवाडी, तेलुगू यात्रेकरू, पहाडी हमाल आणि माथ्यावर बर्फ असतानाही हिरवी राहिलेली शेते पाहताना ज्या देशाकडे त्यांनी पाठ फिरवली होती तोच देश त्यांना समोरून येताना दिसला. डोंगरात एकांत शोधायला गेलेला माणूस तिथून माणसांची ओढ घेऊन खाली उतरला. आचार्य कृपलानींबरोबर ब्रह्मदेशाची वारी केल्यानंतर ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात काही काळ राहिले. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी फेब्रुवारी १९१५ मध्ये तिथे आले. दोघांची भेट झाली आणि भटक्याला मुक्काम सापडला. पुढे काकासाहेब गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. लक्ष्मीबाई आणि मुलेही आश्रमवासी झाली.

सवाई गुजराती

यानंतरचा काकासाहेबांचा जीवनपट विस्तृत आहे. साबरमती आश्रमाच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी शिकवले, गुजरात विद्यापीठाच्या उभारणीत भाग घेतला आणि १९२८ ते १९३५ या काळात विद्यापीठाचे कुलनायकपद भूषवले. गुजराती शुद्धलेखनाला एक वळण देणारा ‘जोडणीकोश’ १९२९ साली प्रसिद्ध झाला. त्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. मातृभाषा मराठी असलेल्या माणसाने गुजराती अशी काही आत्मसात केली, की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ ही पदवीच बहाल केली.

हिमालयाची यात्रा संपल्यावर काही वर्षांनी त्यांनी ती गुजरातीत लिहून काढली. ‘हिमालयनो प्रवास’ हे पुस्तक १९२४ मध्ये आले आणि गुजराती प्रवासवर्णनाचा तो मानदंड ठरला. मराठी वाचकांनाही ते पुढे भाषांतरातून भेटले. उंची आणि अंतरांच्या नोंदींपेक्षा झाड, दगड, पाणी आणि माणूस यांच्याशी केलेली मैत्री हा या लेखनाचा विशेष आहे. ‘रखडवानो आनंद’ हे त्यांच्या आणखी एका पुस्तकाचे नाव. भटकण्याचा आनंद, असा त्याचा अर्थ.

या भटक्याची खरी परीक्षा तुरुंगात झाली. १९२३ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना साबरमतीच्या तुरुंगात राहावे लागले. हिमालय पाहिलेल्या डोळ्यांसमोर आता चार भिंती होत्या. काकासाहेबांनी त्या भिंतींच्या आतच अरण्य शोधले. मुंग्यांच्या रांगा, खारींची धावपळ, कावळे, मांजरे आणि भिंतीवरून सरकणारे ऊन यांचे त्यांनी केलेले निरीक्षण ‘ओतराती दीवालो’, म्हणजे उत्तरेकडच्या भिंती, या छोट्या पुस्तकात उतरले. तुरुंगातील दिवसांवर लिहिलेल्या या पुस्तकात कडवटपणाला फारशी जागा नाही. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींचे सोबती होते. आकाशातील ताऱ्यांची ओळख करून घेण्याचा छंद गांधीजींना लावण्याचे श्रेयही काकासाहेबांनाच दिले जाते.

त्याच वर्षी मार्चमध्ये साबरमतीहून दांडीकडे निघालेल्या मूठभर सत्याग्रहींत काकासाहेबांचे दोन्ही मुलगे, सतीश आणि बाळ, होते. सुमारे २४० मैलांची ती पदयात्रा होती. अठरा वर्षांपूर्वी वडील मोक्षासाठी चालले होते. मुले मिठासाठी चालली. एका घरातील दोन पिढ्यांच्या या दोन वाटा पाहिल्या, की काकासाहेबांच्या विचारांचा प्रवास वेगळा सांगावा लागत नाही.

पुन्हा कृष्णेकडे

स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६४ अशी बारा वर्षे ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. १९५३ मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष होते. आयोगाने १९५५ मध्ये दिलेल्या अहवालात २३९९ जाती मागास ठरवल्या. पण जात हाच निकष मानण्याबद्दल अध्यक्षांनी स्वतःच राष्ट्रपतींना पाठवलेल्या पत्रात असहमती दर्शवली. या विसंगतीची चर्चा आजही होते. १९६४ मध्ये पद्मविभूषण आणि १९६५ मध्ये ‘जीवन व्यवस्था’ या गुजराती ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. पाय मात्र थांबले नव्हते. पूर्व आफ्रिका आणि जपानवरची पुस्तके साठीनंतरच्या भटकंतीतून आली. २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

भारतातील नद्यांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले. ‘लोकमाता’ या संग्रहात गंगा-यमुनेच्या पंक्तीत साताऱ्याची कृष्णा बसली आहे. गंगेचा उगम ज्याने पायी जाऊन पाहिला, त्याला नदी म्हणजे काय हे प्रथम माहुलीच्या संगमावर कळले होते. तीच कृष्णा पुढे सांगलीच्या घाटांना स्पर्श करून हरिपूरला वारणेस भेटते. जन्मगाव आणि वडिलांच्या सचोटीचे गाव, दोन्ही तिच्याच काठावर.

गुजरातने काकासाहेबांना आपले मानले, यात नवल नाही. ते त्याच भाषेत लिहीत राहिले. सातारा आणि सांगलीने त्यांना विसरावे, याला मात्र कारण नाही. आज पाठीवर पिशवी घेऊन निघणाऱ्या मराठी तरुणाला आपला पूर्वज शोधायचा असेल, तर ॲमेझॉनच्या शोधयात्रींची चरित्रे चाळण्याआधी त्याने या कृष्णाकाठच्या यात्रिकाचे पुस्तक उघडावे. दूर कसे जावे हे त्यातून कळेलच. परत कशासाठी यावे, हेही कळेल.