सेकंडहँड गाड्यांचा इंजिनिअर : ब्रूस मॅकलॅरन

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. एखाद्या थोर व्यक्तीवर लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक विश्वेश्वरय्या असावेत. पण मला ब्रूस मॅकलॅरनवर लिहायचंय. त्याला कारण आहे एक बोल्ट. ते शेवटी सांगते.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. घरचा पेट्रोलपंप आणि गॅरेज. लहानपणीच त्याला पर्थीस नावाचा खुब्याच्या हाडाचा आजार झाला आणि दोनेक वर्षं पलंगावर काढावी लागली. बरा झाला, पण डावा पाय आखूडच राहिला. तो जन्मभर थोडा लंगडत चालायचा.

वडिलांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर विकत आणली होती. गाडी कसली, सुट्या पार्टांचा ढीगच! बापलेकांनी मिळून ती उभी केली. १९५२ च्या सुमारास, चौदा-पंधरा वर्षांच्या वयात, ब्रूस तिच्यावर मुरीवाईच्या चढावरच्या शर्यतीत उतरला. पुढे तो इंजिनिअरिंगलाही गेला, म्हणजे आपल्यातलाच! १९५८ मध्ये होतकरू ड्रायव्हर म्हणून त्याला युरोपला पाठवलं गेलं आणि तो कूपर टीममध्ये आला. १९५९ मध्ये सेब्रिंगला त्याने अमेरिकन ग्रां प्री जिंकली, तेव्हा तो फक्त बावीस वर्षांचा होता. सर्वांत लहान विजेत्याचा हा विक्रम २००३ पर्यंत टिकला. आमच्या होस्टेलवर बावीसाव्या वर्षी लोक केटी सोडवत असतात, असो.

१९६३ मध्ये त्याने स्वतःची टीम काढली. पण मला सगळ्यात आवडतो तो १९६४ मधला किस्सा. ब्रूसने तेव्हा एक वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली, झेरेक्स स्पेशल. ही मुळात फॉर्म्युला वनची कूपर. अपघातात मोडली, मग रॉजर पेन्स्केने तिच्यावर बॉडी चढवून तिची स्पोर्ट्स कार केली. नंतर नियमासाठी दुसरी सीट बसवायला मधला सांगाडा बदलावा लागला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर टॉर्शनल स्टिफनेस कमी पडत होता. चासीच पिळवटत असेल तर सस्पेन्शन कितीही चांगलं असून उपयोग काय? वर ब्रूसला क्लायमॅक्स इंजिन काढून ऑल्डस्मोबिलचं अ‍ॅल्युमिनियम व्ही-८ बसवायचं होतं, म्हणजे टॉर्क आणखी वाढणार. म्हणून त्याच्या लोकांनी मधला भाग कापून नवा, दणकट भाग बनवला. ही गाडी कॅनडात मॉसपोर्टला जिंकली. या कामातून जे शिकले, त्यातूनच त्यांची स्वतःची पहिली स्पोर्ट्स कार तयार झाली.

आधी चासी, ब्रेक, पकड आणि मग पॉवर. जुनी गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर आजही क्रम हाच. आपण मात्र आधी सायलेन्सर बदलतो!

ब्रूस टेस्टिंग स्वतः करायचा. एकदा चालवताना त्याला दिसलं की पुढचं पेट्रोल भरायचं झाकण फडफडतंय. खरं तर वेग वाढला की हवेने ते दाबून बसायला हवं होतं, पण ते जास्तच उडत होतं. दुसरा कोणी मेकॅनिकवर ओरडला असता. ब्रूसने विचार केला, आत हवेचा दाब साठतोय. त्याने रेडिएटरच्या मागे बॉडी कापून हवेला वाट करून दिली आणि गाडी आणखी वेगात पळाली. सैल झाकणसुद्धा काहीतरी सांगत असतं, फक्त ऐकणारा पाहिजे.

मग यशच यश. १९६६ मध्ये क्रिस एमनबरोबर फोर्डमधून ले मां जिंकली. १९६८ मध्ये बेल्जियम ग्रां प्री, तीही स्वतःच्या गाडीतून. १९६९ मध्ये कॅन-अ‍ॅमच्या अकराच्या अकरा शर्यती त्याच्या टीमने जिंकल्या.

आणि २ जून १९७०. इंग्लंडमध्ये गुडवुडला तो नवीन एम८डी टेस्ट करत होता. सरळ रस्त्यावर, जोरात असताना, मागची बॉडी सुटली. चाकांवरचा हवेचा दाब क्षणात गेला, गाडी ट्रॅकबाहेर जाऊन आदळली आणि ब्रूस गेला. वय बत्तीस. बारा दिवसांनी त्याची टीम मॉसपोर्टच्या शर्यतीत उतरली आणि डॅन गर्नीने ती जिंकलीही.

आता माझा बोल्ट. आमच्या टीमच्या बगीत सेकंडहँड इंजिन आहे. टेस्टच्या आदल्या रात्री मेस बंद व्हायच्या घाईत मी एका चाकाचे नट हाताने लावले आणि टॉर्क रेंच लावायचा विसरले. चेकलिस्टवर मात्र टिक केली! सकाळी ग्राउंडवर दुसऱ्याच फेरीत चाक डगमगायला लागलं. चालवणाऱ्या मुलाने लगेच गाडी थांबवली म्हणून वाचला. तो मला काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. त्याच आठवड्यात मी ब्रूसबद्दल वाचलं. सगळं वाचून झाल्यावर तो सैल झाकण आणि ती सुटलेली बॉडी एवढंच डोक्यात राहिलं.

इतका हुशार, इतका काळजी घेणारा माणूस, त्यालाही एका सुटलेल्या भागाने नेलं. मग आपण कोण? ज्युनिअर्सना एवढंच सांगते, हाताने तपासल्याशिवाय टिक करू नका. आता मी नट आवळला की त्यावर पेंटची रेघ मारते, आणि दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा बघायला लावते. मेस काय, उद्याही असतेच.