ह्युएनत्संगाची यात्रा

सातव्या शतकात भारतात येऊन गेलेल्या परदेशी प्रवाशांत ह्युएनत्संग या चिनी भिक्षूचे नाव अग्रगण्य आहे. त्याचा जन्म सुमारे इ. स. ६०२ मध्ये चीनमधील लोयांग नगराजवळ एका विद्याव्यासंगी घराण्यात झाला. चार भावांत तो सर्वांत धाकटा होता. त्याचा दुसरा भाऊ बौद्ध भिक्षू होता. त्याच्या सहवासात ह्युएनत्संगाला धर्मग्रंथांची गोडी लागली आणि तेराव्या वर्षी त्याने मठात प्रवेश केला. पुढे राज्यक्रांती होऊन देशात अंदाधुंदी माजली, तेव्हा दोघे भाऊ सुरक्षित स्थळ शोधीत दूरच्या प्रांतात गेले. तरी अध्ययनात त्यांनी खंड पडू दिला नाही.

अध्ययन जसजसे वाढले, तसतशा शंकाही वाढल्या. एक आचार्य एखाद्या वचनाचा जो अर्थ सांगे, त्याच्या उलट अर्थ दुसरा सांगे. ग्रंथांची चिनी भाषांतरे कोठे अपुरी, तर कोठे परस्परविरोधी होती. मूळ ग्रंथ पाहिल्यावाचून खरे काय ते कळणार नाही, अशी ह्युएनत्संगाची खात्री झाली. आणि ते ग्रंथ तर भारतात होते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फाहियान नावाचा चिनी भिक्षू भारतात जाऊन ग्रंथ घेऊन परतला होता. त्याचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून ह्युएनत्संगाने आपला निश्चय केला.

चांगआन या राजधानीत राहून तो तयारीस लागला. तो संस्कृत भाषा शिकू लागला. वाटेत येणाऱ्या कष्टांची कल्पना करून, ते आपणांस सोसवतील काय, असे तो आपल्याच मनास विचारून पाही. काही सोबत्यांसह त्याने देशाबाहेर जाण्याची परवानगी मागितली. परंतु त्या काळी सरहद्द ओलांडण्यास मनाई असल्यामुळे ती नाकारण्यात आली. सोबत्यांनी बेत सोडून दिला. इ. स. ६२९ च्या सुमारास ह्युएनत्संग एकटाच पश्चिमेकडे निघाला.

सरहद्दीवरील गावी पोहोचताच त्याने पुढील वाटेची कसून चौकशी केली. एक वेगवान नदी, तिच्यापलीकडे सरहद्दीचे ठाणे, त्यापुढे अंतराअंतरावर पाच पहाऱ्याचे बुरूज, आणि मग ओसाड वाळवंट. पाणी मिळे ते फक्त बुरुजांच्या पायथ्याशी. तेथे त्याला एक म्हातारा भेटला. त्याच्यापाशी एक रोडका, तांबूस रंगाचा घोडा होता. त्या घोड्याने हे वाळवंट पंधरा वेळा पार केले होते. ह्युएनत्संगाने आपला घोडा देऊन तो म्हातारा घोडा घेतला. दिसण्यापेक्षा अनुभवाची किंमत अधिक, हे त्याने ओळखले होते.

सोबत घेतलेला वाटाड्या भीतीने अर्ध्या वाटेवरून परतला. पहिल्या बुरुजावरून पहारेकऱ्यांनी बाण सोडले. पण तेथील अधिकाऱ्यास ह्युएनत्संगाचा हेतू कळला, तेव्हा त्याने त्यास शिधा देऊन पुढची वाट दाखविली. चौथ्या बुरुजावर त्याला पाण्याने भरलेली मोठी पखाल मिळाली. परंतु वाळवंटात तो वाट चुकला, आणि पाणी पिताना ती जड पखाल त्याच्या हातून निसटली. सारे पाणी क्षणार्धात वाळूत जिरून गेले. तो माघारी वळला, काही अंतर चाललाही. पण भारतास पोहोचल्यावाचून पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही, ही आपली प्रतिज्ञा त्याला आठवली. त्याने घोड्याचे तोंड पुन्हा पश्चिमेकडे वळविले. चार रात्री आणि पाच दिवस त्याच्या घशात पाण्याचा थेंब गेला नाही. पाचव्या रात्री तो म्हातारा घोडा एकाएकी आपल्याच मनाने दुसरीकडे चालू लागला. थोड्याच वेळात समोर हिरवे गवत आणि पाण्याचे डबके दिसले.

वाळवंटापलीकडे तुर्फान नावाचे राज्य होते. तेथील राजाला हा विद्वान भिक्षू इतका आवडला की, तो त्यास जाऊच देईना. ह्युएनत्संगाने अन्नपाणी वर्ज्य केले, तेव्हा राजा वरमला. परतताना तीन वर्षे तुर्फानला राहण्याचे वचन घेऊन राजाने त्याच्या प्रवासाची मोठी व्यवस्था केली. थंडीसाठी मुखाच्छादने, हातमोजे व बूट करविले. तीस घोडे, सेवक, सोने, चांदी आणि रेशमाचे तागे दिले. यांहूनही मोलाची होती ती पुढील राज्यांच्या राजांना लिहिलेली चोवीस पत्रे. एकट्या मनुष्याला जी दारे उघडली नसती, ती या पत्रांनी उघडली.

कुचा नगरीत पोहोचल्यावर पुढचे घाट बर्फाने बंद असल्याचे कळले. ह्युएनत्संगाने उतावीळपणा केला नाही. दोन महिने तो तेथेच थांबला. तरीही तिएनशान पर्वत ओलांडताना थंडीने व उपासमारीने त्याच्या तांड्यातील कित्येक माणसे आणि जनावरे दगावली. तेथून समरकंद व बाल्ख करीत तो बामियानला आला. तेथील डोंगरात कोरलेल्या बुद्धाच्या प्रचंड मूर्तींचे वर्णन त्याने लिहून ठेविले आहे. इ. स. २००१ मध्ये त्या मूर्ती उद्ध्वस्त करण्यात आल्या. त्यामुळे ते वर्णन आज अधिकच मोलाचे ठरले आहे.

नंतर गांधार देशातून तो काश्मीरला आला. काश्मीरच्या राजाने ग्रंथ उतरून घेण्यासाठी त्याला वीस लेखनिक दिले. तेथे तो दोन वर्षे राहिला. पुढे गंगेच्या मैदानातून तो मगध देशातील नालंदा विद्यापीठात गेला. वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या चरणांशी बसून त्याने ज्या ग्रंथांसाठी घर सोडले होते, ते अभ्यासिले.

आता त्याला सिंहलद्वीपास जायचे होते. बंगालमधील ताम्रलिप्ती बंदरातून समुद्रमार्गे जाण्याचा त्याचा विचार होता. परंतु त्या लांबच्या सागरप्रवासात वादळांचे भय फार आहे, त्यापेक्षा खुष्कीने दक्षिणेस जावे आणि तेथून थोडासाच समुद्र ओलांडावा, असा सल्ला त्याला एका दाक्षिणात्य भिक्षूने दिला. तो त्याने मानला. कलिंग व आंध्र देशांतून तो कांचीपर्यंत गेला. तेथे सिंहलद्वीपाहून आलेल्या भिक्षूंकडून तेथील राजाचे निधन झाल्याचे व दुष्काळ पडल्याचे समजले. तेव्हा त्याने तो बेत सोडला आणि वायव्येस वळला.

अशा रीतीने हिंस्र श्वापदांनी भरलेल्या अरण्यातून तो महाराष्ट्रात आला. तेथे त्या वेळी चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील जमीन सुपीक आहे, लोक साधे, सरळ आणि मानी आहेत, ते उपकार विसरत नाहीत व अपमान सहन करीत नाहीत, असे ह्युएनत्संगाने नमूद केले आहे. उत्तरेचा सम्राट हर्षवर्धन यालाही हे राज्य जिंकता आले नाही, हेही तो सांगतो. या देशाच्या पूर्व बाजूच्या डोंगरातील एका भव्य विहाराचे त्याने वर्णन केले आहे. तो विहार म्हणजेच अजिंठा, असे विद्वान मानतात. पुढे नर्मदा ओलांडून तो भडोचकडे गेला.

इ. स. ६४३ मध्ये कनोज येथे हर्षाने भरविलेल्या मोठ्या सभेत ह्युएनत्संगाचा गौरव झाला. स्वदेशी परतण्यास जलमार्गही होता, आणि त्यासाठी साहाय्य देण्यास हर्ष तयार होता. परंतु तुर्फानच्या राजाला दिलेले वचन ह्युएनत्संग विसरला नव्हता. म्हणून त्याने पुन्हा पर्वतांची खडतर वाट धरली.

सिंधू नदी ओलांडताना एकाएकी वारा सुटला, नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या पाण्यात वाहून गेल्या. पुढे जाण्याची ओढ असूनही तो नदीपलीकडे मुक्काम करून राहिला आणि त्या ग्रंथांच्या नव्या प्रती करून आणण्यासाठी त्याने माणसे पाठविली. नंतर पामीरचे पठार चढून तो उतरला; पण तुर्फानला जाण्याचे कारण आता उरले नव्हते. तेथील राजा इ. स. ६४० मध्येच मरण पावला होता आणि त्याचे राज्य चीनने जिंकून घेतले होते. ज्या वचनासाठी त्याने सुखाचा मार्ग नाकारला, ते स्वीकारणारा कोणी राहिला नव्हता. तेव्हा तो दक्षिणेकडील वाटेने खोतानला आला. आपण आज्ञा मोडून देश सोडला होता, हे ध्यानी घेऊन त्याने तेथून सम्राटास पत्र पाठविले आणि अनुमती येईपर्यंत धीर धरला.

इ. स. ६४५ मध्ये वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून ह्युएनत्संग चांगआनला परतला. जो गुपचूप गेला होता, त्याच्या स्वागतासाठी आता सारे नगर लोटले. सम्राटाने देऊ केलेला राज्याधिकार त्याने नाकारला व उरलेले आयुष्य भाषांतराच्या कामी वेचले. ७५ ग्रंथांची भाषांतरे पूर्ण करून इ. स. ६६४ मध्ये त्याने देह ठेविला.

सम्राटाच्या इच्छेवरून त्याने आपल्या प्रवासाचा वृत्तांतही सिद्ध केला होता. कोणते नगर कोणत्या दिशेस, किती अंतरावर आहे, तेथील हवा, पिके आणि लोक कसे आहेत, हे त्यात काळजीपूर्वक सांगितले आहे. बाराशे वर्षांनंतर अलेक्झांडर कनिंगहॅम हा संशोधक भारतातील प्राचीन स्थळांचा शोध घेऊ लागला, तेव्हा हाच वृत्तांत त्याचा वाटाड्या झाला. मातीखाली गडप झालेल्या नालंदेची जागाही त्याने या वृत्तांताच्या आधारे निश्चित केली. वाटेत भेटेल त्याला वाट विचारणाऱ्या ह्युएनत्संगाने पुढच्या पिढ्यांना अशी वाट दाखविली.