जमशेटजी टाटा आणि घाटावरची वीज

कुळगांवाहून आगगाडीनें कर्जतकडे जाऊं लागलें म्हणजे सह्याद्रीची भिंत हळूहळू जवळ येते. पावसाळ्यांत तिच्यावरून असंख्य धबधबे कोसळतात आणि दिवाळी सरली कीं ते आटतात. पिढ्यान् पिढ्या लोकांनीं हें दृश्य पाहिलें. या वाहून जाणाऱ्या पाण्यानें गिरण्या चालतील व घरोघर दिवे लागतील, हें ज्यांनीं मनावर घेतलें, त्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं गुजराथेंतील नवसारी येथें एका पारशी घराण्यांत झाला. घराणें परंपरेनें धर्मोपाध्यायांचें. परंतु वडील नसरवानजी यांनीं मुंबईस येऊन व्यापार आरंभिला होता. जमशेटजी लहान वयांतच त्यांच्याकडे आले, आणि १८५८ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांतील शिक्षण पुरें करून व्यापारांत शिरले. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपतांच कापसाचा भाव एकाएकीं कोसळला व मुंबईंतील अनेक पेढ्या बुडाल्या. टाटा घराण्यासही जबर ठोकर बसली. तरी जमशेटजी खचले नाहींत. १८६८ सालीं त्यांनीं २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढिली.

१ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास त्यांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. या गिरणींत १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि स्थापिला गेला, आणि १८९५ पासून अपघातांत जखमी होणाऱ्या मजुरांस भरपाई मिळूं लागली. असे कायदे त्या काळीं आपल्या देशांत नव्हते.

मुंबईंतील गिरण्या तेव्हां कोळशावर चालत. कोळसा फार दूरच्या खाणींतून आणावा लागे. तो महाग पडे, आणि धुराड्यांच्या धुरानें गिरणगांवांतील चाळी काळवंडून जात. अशा वेळीं डेव्हिड गोस्टलिंग नांवाच्या मुंबईंतील एका वास्तुशिल्पज्ञानें लोणावळ्याच्या पाण्यापासून वीज करण्याची कल्पना मांडिली. जमशेटजींनीं ती उचलून धरली. पाणी जितक्या उंचावरून पडेल तितका त्याचा जोर अधिक, आणि घाटमाथ्यापासून खोपोलीपर्यंत तर सुमारे १७०० फुटांचा उतार! अडचण एकच होती. नायगारा येथें बारमाही पाणी वाहतें. आपल्याकडे सारा पाऊस चार महिन्यांत पडतो. म्हणून धरणें बांधून त्या चार महिन्यांचें पाणी वर्षभर पुरवावयाचें होतें.

१९०३ सालीं जमशेटजींचें ताजमहाल हॉटेल उघडलें व तेथें विजेचे दिवे झळकले. घाटावरील वीज मात्र त्यांस पाहावयास मिळाली नाहीं. प्रकृति ढांसळल्यामुळें ते युरोपांत गेले होते; तेथेंच १९ मे १९०४ रोजीं जर्मनींतील नौहाईम येथें त्यांचें देहावसान झालें. पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था व घाटावरील वीज हीं त्यांचीं तिन्ही मोठीं कार्यें त्या दिवशीं अपुरीं होतीं.

वडिलांचा संकल्प दोराबजी व रतनजी या पुत्रांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तडीस नेला. १९१० सालीं कंपनी स्थापन झाली आणि तिचें भांडवल मुख्यतः हिंदी लोकांनींच पुरविलें. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस पोहोंचली. पुढें १९२२ सालीं कर्जतजवळील भिवपुरीचें वीजघर चालू झालें. ठोकरवाडी धरणांत अडविलेलें आंध्र नदीचें पाणी पूर्वी पूर्वेकडे जात असे. तें आतां घाट उतरून वीज देतें आणि मग उल्हास नदीस मिळतें. ती नदी बदलापुरावरून वाहते. तेव्हां जें पाणी या भागांतील लोक हंड्यांत भरतात, त्यांतील कांहीं अंश वीजघराचें चक्र फिरवून आलेला असतो.

येथें एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. धरणें हवेंत बांधलीं जात नाहींत. मुळशीस टाटांनींच आणखी एक मोठें धरण योजिलें, तेव्हां आपल्या जमिनी बुडणार म्हणून मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह मांडिला. तो १९२४ पर्यंत चालला. धरण झालेंच, आणि अनेकांच्या पिढीजात जमिनी पाण्याखालीं गेल्या. शहराच्या उजेडाची किंमत अशी त्या डोंगरांतील लोकांनीं भरली.

शिवाय तारा गांवाजवळून गेल्या म्हणून गांवांत उजेड पडला असेंही झालें नाहीं. खोपोलीहून वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबानें मुंबईस जाई. एवढ्या दाबाची वीज घरांत घेतां येत नाहीं. रोहित्र बसवून तो दाब पायरीपायरीनें उतरवावा लागतो, तेव्हां कोठें घरास साजेशी २३० व्होल्टची वीज मिळते. १९३० पर्यंत कल्याणपासून पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या धांवूं लागल्या. परंतु खेड्यांतून वीज पसरण्याचें मोठें काम स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झाल्यावर घडलें.

आज आपल्या दाराशीं मीटर आहे. तो काय मोजतो तें समजून घ्यावें. हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट होतो. १० वॅटचा दिवा त्याच युनिटांत शंभर तास जळतो, आणि पाणी तापविण्याचें २००० वॅटचें यंत्र अर्ध्या तासांत तो संपवितें. खोपोलीच्या उंचीवरून एक युनिट वीज काढावयाची तर सुमारे ९०० लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ साठ हंडे, खालीं सोडावें लागतें. महाराष्ट्रांतील बरीचशी वीज आतां कोळशावर होते. तेथेंही फुकट जळलेल्या दिव्याची किंमत कोणीतरी धुराच्या रूपानें भरीतच असतो.

जमशेटजींनीं ज्या दिव्यासाठीं खटपट केली, त्याचा उजेड त्यांच्या वांट्यास आला नाहीं. मुळशीच्या शेतकऱ्यानें ज्यासाठीं जमीन गमावली, तो उजेड आधीं दुसऱ्यांच्या घरीं गेला. आपणांस मात्र तो केवळ बोट लावतांच मिळतो. यास्तव रिकाम्या खोलींतून बाहेर पडतांना तेंच बोट पुन्हां बटणाकडे नेण्याचा कंटाळा आपण करूं नये.